१५८ सभासदांच्या नावापुढचा २१४७४८३६४७

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात आमच्या पतसंस्थेच्या सभासद यादीची बातमी आली होती. १५८ सभासदांचा मोबाईल नंबर एकच, असं हेडिंग होतं आणि खाली बोगस सभासद घुसवल्याचा संशय वगैरे. मी त्या १५८ मधलाच एक आहे. माझं खातं जुनं आहे, माझा नंबर ९८ ने सुरू होतो आणि तो गेली अठरा वर्षं बदललेला नाही, तरी नोटीस बोर्डावर लावलेल्या यादीत माझ्या नावापुढे २१४७४८३६४७ छापलंय. माझ्या वरच्या माणसापुढेही तेच, खालच्यापुढेही तेच. बातमीत नंबर पूर्ण छापलाय, पण तो नंबर काय आहे याबद्दल एक अक्षर नाही, म्हणून हे पत्र. मी गणिताचा शिक्षक होतो, २०१९ ला रिटायर झालो. पत्र लांबणार आहे, पण जमलं तर पूर्ण छापा ही विनंती, कारण यात एका मुलीच्या नोकरीचा प्रश्न आहे.

आधी ती यादी नीट बघा. एकूण नावं १६३, त्यात १५८ जणांपुढे २१४७४८३६४७. उरलेल्या पाच जणांकडे कोणी बघितलंच नाही आणि सगळी गोष्ट त्या पाचांतच आहे. तिघांनी पुण्यातल्या मुलाचा नाहीतर मुलीचा लँडलाइन दिलेला होता, त्यांचे नंबर बरोबर छापलेत, फक्त ०२० मधला पहिला शून्य गेलाय. एकजण अलिबागला राहतात, त्यांचा ०२१४१ वाला लँडलाइन, तोही शून्य सोडून बरोबर. आणि एका आजींनी नंबर दिलाच नव्हता, त्यांच्यापुढे नुसता ० आहे. पण आमच्या साताऱ्याचे ०२१६२ वाले जे चार-पाच लँडलाइन होते ते सगळे त्या १५८ मधे गेले. मुंबईचा ०२२ वाला होता तोही गेला. बोगस काम करणारा माणूस पुणे आणि अलिबाग सोडून फक्त सातारा-मुंबईवाल्यांचे नंबर कशाला बदलेल? पुढचा शून्य काढून हे नंबर आकडे म्हणून वाचून बघा. पुण्याचा २०२ ने सुरू होणारा दहा आकडी, अलिबागचा २१४१ ने, हे दोन्ही २१४७४८३६४७ पेक्षा लहान आहेत. साताऱ्याचा २१६२ ने, मुंबईचा २२ ने, आणि आपले सगळे मोबाईल ६, ७, ८, ९ ने सुरू होणारे, हे सगळे त्याच्यापेक्षा मोठे. लहान होते ते वाचले आणि मोठे होते ते सगळे एकाच आकड्यावर येऊन अडकले.

असं का झालं ते सांगतो. कॉम्प्युटरमधे साधी पूर्ण संख्या साठवायला बऱ्याच ठिकाणी ३२ बिटांची जागा ठेवलेली असते, बिट म्हणजे एक खटका, चालू किंवा बंद, १ किंवा ०. त्यातला एक खटका अधिक-उणे चिन्हासाठी जातो, राहिले ३१. ते एकतीसच्या एकतीस चालू केले की जी संख्या होते ती २१४७४८३६४७. म्हणजे दोनाचा एकतिसावा घात, वजा एक. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीये, त्या पटावर पहिल्या ३१ घरांतले दाणे मोजले तर बरोबर इतकेच भरतात, दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. त्या जागेत याच्यापेक्षा मोठं काही मावतच नाही. आता संस्थेचं सॉफ्टवेअर ज्याने बनवलं त्याने मोबाईल नंबरचा रकाना साध्या पूर्ण संख्येचा ठेवला. आपला मोबाईल नंबर साडेनऊ अब्ज, पावणेनऊ अब्ज असा काहीतरी. जुन्या पद्धतीने सेट केलेला डेटाबेस असला तर तो एरर देऊन थांबत नाही, तो मोठा आकडा कापतो आणि त्या जागेत मावेल तो सगळ्यात मोठा आकडा लिहून पुढे जातो. रिकामा सोडला तर ० लिहितो. स्क्रीनवर सेव्ह झालं असं दिसतं. टाईप करणाऱ्याला कळणार कसं?

मुळात फोन नंबरची कोणी बेरीज करत नाही की सरासरी काढत नाही, तो नावासारखा असतो, तो अक्षरांच्या रकान्यात ठेवायला हवा होता. तसा ठेवला असता तर पुण्याचा शून्यही गेला नसता. ही चूक रकाना बनवणाऱ्याची आहे, टाईप करणाऱ्या मुलीची नाही.

आणि वार्षिक सभेत झालं काय ते बातमीत आलेलं नाही. ती मुलगी हातात फॉर्मचा गठ्ठा घेऊन उभी होती आणि म्हणत होती, सर मी फॉर्म बघून बघूनच नंबर टाकलेत, आणि समोरून लोक ओरडत होते की किती पैसे खाल्ले ते सांग. मी माइक मागितला, मला दिला नाही. एकाने तर तिथल्या तिथे तो नंबर फिरवला आणि हा नंबर अस्तित्वात नाही असं ऐकू आल्यावर फोन स्पीकरवर टाकून सगळ्यांना ऐकवला, मग तर काय विचारूच नका. अहो, भारतात मोबाईल नंबर २ ने सुरूच होत नाही, तो लागणार कसा. त्या दिवशी घरी आलो तर जेवण गेलं नाही मला. तीस वर्षं मी हीच संख्या पोरांना शिकवत आलो आणि माझ्याच गावात तिच्यामुळे एका पोरीला चोर म्हणतायत.

आता मला खरं सांगायचंय ते पुढे आहे. हा आकडा नुसता कॉम्प्युटरची मर्यादा म्हणून प्रसिद्ध नाही, कॉम्प्युटर यायच्या पावणेदोनशे वर्षं आधीपासून गणितात त्याचं नाव आहे. ही मूळ संख्या आहे. १ आणि ती स्वतः सोडली तर दुसऱ्या कशानेही तिला भाग जात नाही. ऑयलर म्हणून गणितज्ञ होऊन गेला, मूळचा स्वित्झर्लंडचा, त्या वेळी रशियात पीटर्सबर्गला असायचा. त्याने १७७२ साली बर्नोली नावाच्या गणितज्ञाला पत्र लिहून कळवलं की दोनाचा एकतिसावा घात वजा एक ही मूळ संख्या आहे, मी तपासली. तेव्हा तो ६५ वर्षांचा होता आणि जवळजवळ पूर्ण आंधळा झालेला होता. एक डोळा तरुणपणीच गेला होता, दुसऱ्यात मोतीबिंदू, त्याचं ऑपरेशन केलं ते टिकलं नाही. कागदावरचं दिसत नाही असा माणूस दहा आकडी संख्या भागून बघतोय. वर्गात हे सांगताना मला दर वर्षी थांबावं लागायचं.

त्याच्या आधी इटलीतला कटाल्डी याने १६०३ मधे लिहून ठेवलं होतं की दोनाचा घात १७ किंवा १९ घेऊन एक वजा केला की मूळ संख्या येते, ते बरोबर होतं, पण त्याने २३, २९, ३१ आणि ३७ लाही येते असं म्हटलं, त्यातलं फक्त ३१ खरं निघालं. २३ चं आणि ३७ चं म्हणणं फ्रान्सच्या फर्मा या गणितज्ञाने १६४० मधे खोडलं आणि २९ चं ऑयलरने. मर्सेन नावाच्या फ्रेंच पाद्र्याने १६४४ मधे अशा घातांची यादी छापली, तिच्यात ३१ होता. म्हणून अशा संख्यांना मर्सेनच्या मूळ संख्या म्हणतात आणि आपली ही त्यांतली आठवी. मर्सेनच्या यादीतही ६७ आणि २५७ चुकीचे होते आणि ६१, ८९, १०७ राहून गेले होते. म्हणजे यादीत चूक होणं ही गोष्ट फार जुनी आहे, पण तिथे लोकांनी भागून बघितलं आणि मग चूक म्हटलं.

ऑयलरने ते कसं तपासलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. एखादी संख्या मूळ आहे का हे बघायला तिच्या वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, हे पोरं शाळेत शिकतात. २१४७४८३६४७ चं वर्गमूळ ४६३४० च्या थोडं पुढे येतं. तिथपर्यंत मूळ संख्या साधारण पावणेपाच हजार आहेत. पावणेपाच हजार भागाकार आंधळ्या माणसाने करायचे म्हणजे काय होईल. पण फर्माच्या कामातून कळलेलं होतं की घात ३१ सारखा मूळ असेल तर असल्या संख्येचा कुठलाही अवयव ६२ च्या पटीत एक मिळवून येतो, म्हणजे ६३, १२५, १८७ असा. खरं वाटत नसेल तर लहान उदाहरणावर करून बघा. दोनाचा अकरावा घात वजा एक म्हणजे २०४७, तो २३ गुणिले ८९. आता ११ ची दुप्पट २२, आणि २३ म्हणजे २२ अधिक १, ८९ म्हणजे २२ चौक ८८ अधिक १. बसलं की नाही? शिवाय आणखी एक चाळणी आहे, त्या अवयवाला ८ ने भागलं तर बाकी १ किंवा ७ च उरते. २३ ला ७ उरते, ८९ ला १. या दोन्ही चाळण्या एकावर एक ठेवल्या की ४६३४० पर्यंत फक्त पावणेचारशेच्या आसपास संख्या उरतात, २४८ च्या पटीत १ मिळवलेल्या नाहीतर ६३ मिळवलेल्या. आणि त्यातल्या बऱ्याच तर स्वतःच फुटतात. ६३ फुटते, २४९ फुटते कारण ३ गुणिले ८३, मग ३११ ही मूळ निघते, पुढे ४९७, ५५९, ७४५, ८०७, ९९३, १०५५, १२४१ सगळ्या फुटतात आणि मग थेट १३०३ ला दुसरी मूळ संख्या लागते. म्हणजे तेराशेपर्यंत भागून बघायची ती एकच.

सभेच्या रात्री झोप लागत नव्हती तर मी वही घेऊन बसलो आणि ३११ ने भागलं. भागाकार ६९०५०९२ आला, बाकी ३५. मग १३०३ ने भागलं, भागाकार १६४८१०७, बाकी २२६. पुढेही काही केले. प्रत्येक वेळी काहीतरी उरतंच, शून्य काही येत नाही. ज्याला शंका असेल त्याने पेन घेऊन बसावं, मला घरी येऊन भेटावं, मी वही दाखवतो. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवरही होतं.

आता तिच्या शेजारच्या दोन संख्या बघा. एकने मोठी २१४७४८३६४८, तिच्यात दोनाशिवाय काहीच नाही, एकतीस वेळा दोन. एकने लहान २१४७४८३६४६, तिचे तुकडे होतात २, ३, ३, ७, ११, ३१, १५१ आणि ३३१. सगळे लहान लहान तुकडे. आणि या दोघींच्या मधे ही, अजिबात न फुटणारी. शिवाय तिचा घात ३१ हाही मर्सेनचीच मूळ संख्या आहे, दोनाचा पाचवा घात वजा एक. घातही मर्सेनचा आणि उत्तरही मूळ, अशा जगात आतापर्यंत फक्त चारच संख्या माहीत आहेत. ७, १२७, ही २१४७४८३६४७ आणि दोनाचा एकशेसत्ताविसावा घात वजा एक, जी ३९ आकडी आहे आणि ती १८७६ मधे फ्रान्सच्या लुकाने सिद्ध केली. पाचवी कोणाला सापडलेली नाही.

युक्लिडपासून माहीत असलेली एक गोष्ट म्हणजे मर्सेनच्या प्रत्येक मूळ संख्येपासून एक परिपूर्ण संख्या मिळते. परिपूर्ण म्हणजे जिचे स्वतःला सोडून बाकीचे विभाजक मिळवले की तीच संख्या येते, जशी ६ म्हणजे १ अधिक २ अधिक ३, जशी २८. आपल्या संख्येला दोनाच्या तिसाव्या घाताने गुणलं की २३०५८४३००८१३९९५२१२८ ही आठवी परिपूर्ण संख्या येते. १८११ मधे इंग्लंडच्या बार्लोने आपल्या पुस्तकात लिहिलं की याच्याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणार नाही, कारण या संख्या नुसत्या नवलाच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत, पुढे शोधत बसणार कोण. आज तीच मूळ संख्या जगातल्या कोट्यवधी मशिनांत आहे. कॉम्प्युटरला चिठ्ठी काढल्यासारखा कुठलाही आकडा निवडायचा असतो ना, त्याची एक प्रसिद्ध रीत पार्क आणि मिलर यांनी १९८८ मधे सुचवली. हातातल्या आकड्याला १६८०७ ने गुणायचं आणि २१४७४८३६४७ ने भागून बाकी घ्यायची, परत गुणायचं, परत बाकी. एकापासून सुरू केलं तर १६८०७, मग २८२४७५२४९, मग १६२२६५००७३ असं चालतं आणि १ ते २१४७४८३६४६ पर्यंतचा प्रत्येक आकडा एकेकदा येऊन गेल्याशिवाय परत १ येत नाही. भागायची संख्या मूळ आहे म्हणूनच हे जमतं.

डिसेंबर २०१४ मधे यूट्यूबवर एका कोरियन गाण्याचे व्ह्यू या आकड्याच्या पुढे गेले आणि तो काउंटर ६४ बिटांचा करून घ्यावा लागला, ते तेव्हा पेपरात आलंही होतं. पण त्याच्याहून महत्त्वाचं, आणि हे पतसंस्थांनी नक्की वाचावं, बऱ्याच जुन्या सिस्टिममधे वेळ ही १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून ठेवलेली असते आणि तीसुद्धा याच ३२ बिटांच्या जागेत. ते सेकंद २१४७४८३६४७ होतील मंगळवारी, १९ जानेवारी २०३८ ला, आपल्याकडे सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झालेले असतील. पुढच्या सेकंदाला चिन्हाचा खटका पडतो, आकडा उणे होतो आणि तारीख जाते डिसेंबर १९०१ वर. आज पंधरा वर्षांचं घरकर्ज घेतलं तर त्याचा शेवटचा हप्ता २०३८ च्या पलीकडेच येतो. ज्या सॉफ्टवेअरमधे मोबाईल नंबरसाठी हा रकाना ठेवलाय त्याच्यात मुदतीच्या तारखा कशात ठेवल्यात हे मी संचालकांना लेखी विचारलंय, उत्तर आलेलं नाही.

संपादक साहेब, माझं मागणं एवढंच आहे की ज्या पानावर ती बातमी आली त्याच पानावर, तेवढ्याच जागेत खुलासा छापा. त्या मुलीचं नाव बातमीत नव्हतं हे खरं, पण सातारा केवढं आहे, यादी कोणी टाईप केली ते सगळ्यांना माहितीये. तिला सध्या कामावर येऊ नको सांगितलंय. आणि तुमच्या मुलांच्या पुरवणीत दर रविवारी कोड्याला जागा असते तिथे एखाद्या रविवारी ही संख्या द्या, ३११ ने भागून बाकी किती उरते एवढंच विचारा, पोरं आवडीने करतील.

तो रकाना आता दुरुस्त केला तरी १५८ जणांचे खरे नंबर मशीनमधून परत येणार नाहीत, कापून गेले ते गेले, २१४७४८३६४७ वरून मूळ नंबर काढता येत नाही. ते फक्त कागदी फॉर्मवर आहेत. तो गठ्ठा त्या मुलीने सभेनंतर दोरी बांधून, वर नावांची अनुक्रमणिका चिकटवून मॅनेजरच्या टेबलावर ठेवला, मी स्वतः बघितलाय, माझा फॉर्म त्यात ९३ नंबरला आहे आणि त्यावर माझा नंबर माझ्याच अक्षरात, बरोबर आहे.

आपला,
एक सभासद आणि निवृत्त गणित शिक्षक, सातारा
(नाव छापू नये, ओळखीवरून त्या मुलीला त्रास होईल)